लोहाऱ्यात शेवंडांची भरती

लग्न होऊन मी लोहाऱ्यात आले, तेव्हा माझ्या सामानात दोन सुटकेसा, एक लॅपटॉप आणि पाच वर्षांचे शेवंड होते. जिवंत नव्हेत, नुसते आकडे.

शेवंड हा समुद्रातला प्राणी. खेकड्याचा लांबोडा, मिशाळ भाऊबंद म्हणा. माझं माहेर येडशीचं, म्हणजे लोहाऱ्यासारखंच धाराशिव जिल्ह्यातलं, समुद्रापासून लांब. संख्याशास्त्र शिकले आणि नोकरी लागली ती थेट कोकणात, शेवंडांच्या एका संशोधन प्रकल्पात. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी होडीतून त्यात ओकले. पण काम आवडलं. दरवर्षी शेवंडांची किती नवी पिल्लं किनाऱ्याला लागतात ते मोजायचं, त्यावरून पुढं जाळ्यात किती शेवंड येतील याचा अंदाज बांधायचा, आणि एखाद्या वर्षी पिल्लं कमी का आली, जास्त का आली, याची कारणं शोधायची. पाण्याची ऊब, वारा, पाऊस, प्रवाह. लग्नानंतर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "मोजणारे इथं आहेत, तू घरून हिशेब कर." म्हणून शेवंड माझ्याबरोबर लोहाऱ्याला आले.

या मोठ्या मॅडमचा एक हट्ट होता. कोळ्यांना कळेल अशा मराठीतच बोलायचं, लिहायचं. नव्या पिल्लांच्या येण्याला त्यांनी शब्द ठरवला होता, भरती. शेवंडांची वार्षिक भरती. कोळ्यांना ती समुद्राची भरती वाटली. आमची होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलानं मला तोंडावर सांगितलं होतं, "भरतीचा अंदाज काढायला एवढं शिकावं लागतं होय? तिथी बघा की, ताई."

लोहाऱ्यात समुद्र नाही, त्यामुळं तो घोटाळा व्हायचं कारण नव्हतं. इथं भरती म्हणजे एकच. पोलीस भरती.

आमचं घर हायस्कूलच्या मैदानासमोर. रोज पहाटे पाचला तिथं शिट्टी वाजायची आणि पंचवीस-तीस पोरंपोरी मैदानाला चकरा मारायला लागायची. त्यांना पळवणारे एक निवृत्त फौजी होते. त्यांना सगळा गाव सर म्हणायचा. उंचीनं बेताचे, पण आवाज असा की आमच्या स्वयंपाकघरातल्या पराती वाजायच्या. लग्नानंतर पहिले दोन महिने मी एक दिवस धड झोपले नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. लोहाऱ्यातल्या सगळ्या बातम्या आधी पिठाच्या गिरणीत जातात आणि तिथून दळून बाहेर पडतात. त्या गिरणीत आत्यांचा शब्द मोठा. एका दुपारी त्या माझ्यापुढं येऊन बसल्या.

"आगं, दिसभर त्या डब्यापुढं बसून करतीस तरी काय? गिरणीत बाया इचारत्यात. म्या काय सांगू?"

मी हुरळले. कुणीतरी विचारलं होतं. मी त्यांना शेवंडाचा जन्म सांगितला. अंड्यातून निघालेलं पिल्लू पानासारखं चपटं आणि पारदर्शक असतं, कित्येक महिने खोल समुद्रात वाहत राहतं, मग काचेच्या बारीक झिंग्यासारखं होऊन किनाऱ्याकडं पोहत येतं, त्या येण्याला आम्ही भरती म्हणतो आणि त्या भरतीचा मी अंदाज काढते. पाऊण तास सांगितलं. आत्या मन लावून ऐकत होत्या, मध्येमध्ये "आगं बया" म्हणत होत्या. उठताना म्हणाल्या, "कळलं."

त्यांना जे कळलं ते दुसऱ्या दिवशी गिरणीत पोचलं. एकच वाक्य. "आमची सून भरतीचा अंदाज काढती."

दोन दिवसांनी बूट हातात धरून दोन पोरं ओट्यावर आली. घामानं चिंब, पण अदबीनं उभी.

"ताई, यंदा जागा किती निघतील?"

"कसल्या जागा?"

"भरतीच्या."

मी हसले. म्हटलं, "अरे, ती भरती नाही ही. ही शेवंडांची भरती आहे."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातला उंच म्हणाला, "शेवंड कुठल्या जिल्ह्यात येतं?"

"जिल्ह्यात नाही, समुद्रात."

"म्हंजे कोकण विभाग," तो दुसऱ्याला म्हणाला. दुसऱ्यानं खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं.

मी पुन्हा समजावलं. ती दोघं मान हलवत राहिली. जाताना उंचानं आवाज खाली आणून सांगितलं, "गोपनीय असतं ताई, समजतंय आमाला. पण आपल्या गावची पोरं हाव, एवढं ध्यानात ठिवा."

त्यानंतर आठवडाभर ओटा रिकामा राहिला नाही. कुणी ताक आणलं, कुणी हरभऱ्याचे डहाळे. मी प्रत्येकाला शेवंड समजावला आणि प्रत्येकानं डोळा मिचकावून समजल्याचं सांगितलं. माझे यजमान झेडपीच्या शाळेत शिक्षक. माझी बाजू सांगायला ते सगळ्यात योग्य माणूस होते. ते म्हणाले, "मी यात पडत न्हाय." आणि डहाळे सोलायला बसले.

आत्यांना मी विनवलं, "आत्या, तुम्ही तरी गिरणीत खरं सांगा."

"खरंच सांगितलंय की. तू भरतीचा अंदाज काढतीस का न्हाय?"

"काढते."

"मग?"



ज्या खोलीत ज्वारीची पोती रचलेली असतात, त्या खोलीच्या खिडकीतच मोबाईलची रेंज यायची. तिथं बसून मी दर पंधरवड्याला मोठ्या मॅडमशी व्हिडिओवर बोलायचे. खिडकीच्या पलीकडं ओटा, आणि ओट्यावर आत्या तूर पाखडत बसलेल्या. रेंज कच्ची म्हणून मी ओरडून बोलायचे. त्या दिवशीही ओरडूनच बोलले.

"हो मॅडम! यंदाची भरती निम्म्यावर आलीय! पाणी तापलंय, तेच कारण दिसतंय! आणि वारासुद्धा उलटा होता! बारकी वाटेतच संपतात, काठाला पोचतच नाहीत!"

बाहेर सूप थांबल्याचं मला ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती पावणेआठला. अंगावर ऊन आलं होतं. इतकी गाढ झोप माहेर सोडल्यापासून लागली नव्हती. मी आनंदानं आळस दिला आणि मग एकदम उठून बसले. शिट्टी वाजली नव्हती. खिडकीतून पाहिलं तर मैदानावर एक शेळी चरत होती. बाकी कुणी नाही.

नऊला सर आले. गळ्यात शिट्टी, अंगात निळा ट्रॅकसूट. बाजेवर टेकले आणि त्यांच्या मानानं हळू बोलले, म्हणजे फक्त शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं.

"मॅडम, खरं काय ते सांगा. निम्मी?"

"काय निम्मी?"

"भरती. सगळ्या तालुक्यात झालंय. भरती निम्म्यावर आली, वरचं वातावरण तापलंय, वारं फिरलंय, आन बारक्या पोरांचं तर काय खरं न्हाय. माझी कमी उंचीची सात पोरं आज पहाटंच पुण्याला कामाला निघाली. चार स्टँडवरनं माघारी आणली म्या."

मी आत्यांकडं पाहिलं. आत्या आढ्याकडं पाहत होत्या.

आता तोंडी समजावण्यात अर्थ नव्हता. मी लॅपटॉप आणून सरांच्या मांडीवर ठेवला आणि शेवंडाचा फोटो दाखवला. सरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ह्यो तर इंचू हाय."

"विंचू नाही. शेवंड. समुद्रात असतो. लोक खातात."

"आन तुमी ह्याची भरती करता?"

"करत नाही. ती आपोआप होते. मी नुसता अंदाज काढते."

सरांनी लॅपटॉप नाकाशी धरला. मग त्यांनी विचारलं, "छाती मोजता का?"

ते थट्टा करत होते की नाही, ते कळेना. पण मला खरं बोलणं भाग होतं.

"मोजतो. म्हणजे कवच मोजतो. लहान भरला तर परत पाण्यात सोडायचा असतो."

"म्हंजे छातीत बाद."

"हो, तसंच."

सरांचं पोट आधी हललं, मग खांदे हलले, मग बाज कुरकुरायला लागली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मैदानावरची शेळी पळून गेली. डोळे पुसून ते उठले आणि म्हणाले, "रविवारी सकाळी मैदानावर यायचं. हे पोरांपुढं बोलायचं. माझं ती ऐकणार न्हाईत, त्यांना वाटंल सर धीर द्यायला लागले."

सर गेल्यावर आत्या चिडल्या. "समद्या गावापुढं इंचवाचं सांगणार व्हय? माझी काय इज्जत ऱ्हाईल गिरणीत? त्यापरीस असं कर, भरती दुप्पट झाली म्हणून सांग. पोरंबी खुश, सरबी खुश."

"आत्या, असं आकडे फिरवता येत नाहीत."

"एवढं शिकलीस आन आकडं फिरवता येत न्हाईत?"

सासऱ्यांनी मात्र कामाला हात घातला. त्यांना मी मामा म्हणते. मामांनी तीस वर्षं वडापची जीप चालवली, म्हणजे माणसं गोळा करून गावोगाव सोडायची जीप. आता घरीच असतात. दिवसाला दहा-बारा शब्द बोलतात, त्यातले चार चहासाठी असतात. मी त्यांना सांगितलं, की पिल्लं मोजायला आम्ही समुद्रात दोरांचे झुपके टांगतो. पिल्लांना ते शेवाळ वाटतं, ती त्यात येऊन दडतात, आणि महिन्यातून एकदा झुपका वर काढून झटकला की मोजता येतात. मामांनी काही न बोलता शेतातला जुना जाड दोर आणला, उसवला, आणि लाकडी चौकटीला बांधून हुबेहूब झुपका केला. समुद्रातल्या आमच्या झुपक्यांपेक्षा तो देखणा होता.

रविवारी मैदानावर गेले आणि फाटकातच थांबले. मला वाटलं होतं तीसेक पोरं असतील. बातमी गिरणीतून बाहेर पडताना 'रविवारी मैदानावर भरतीबाबत जाहीर होणार' अशी झाली होती. शेजारच्या गावांतून जीपा भरून आल्या होत्या. पोरांच्या हातात कागदपत्रांच्या झेरॉक्सच्या पिशव्या होत्या. एकानं हार आणला होता आणि तो कुणाला घालायचा म्हणून प्रत्येकाला विचारत हिंडत होता. पुढच्या रांगेत आत्या, ठेवणीतलं इरकल नेसून, गिरणीतल्या पाचजणींसह. मामा अगदी मागं, लिंबाच्या बुंध्याशी.

सरांनी शिट्टी वाजवली. सगळे सावधानमध्ये उभे राहिले. आत्याही.

मी बोलायला लागले. लॅपटॉप उंच धरून शेवंडाचा फोटो दाखवला तेव्हा मागून एकजण म्हणाला, "ह्याला फार्म भरता येतो?" आणि मग हशा उसळला तो थांबेना. मी हसू ओसरू दिलं. खोटी आशा गेली म्हणून कुणी दगड मारेल अशी मला धास्ती होती, पण निम्मी भरती माणसांची नसून विंचवांची आहे हे कळल्यावर लोक एवढे सुटले, की दहा मिनिटांत प्रश्नांचा पाऊस पडला.

"ताई, वयाची अट?"

"वय कळत नाही. लांबीवरून ठरवतात."

"बायांना आरक्षण हाय का?" हा प्रश्न एका पळणाऱ्या पोरीचा.

"अंडी असलेली मादी सापडली तर ती पकडायची नाही, सोडून द्यायची."

"हाय म्हंजे!" पोरी टाळ्या पिटायला लागल्या.

"पळायचं किती?"

"काठाला येताना पिल्लांना शेवटी कित्येक कोस पोहावं लागतं. आणि त्या सगळ्या वाटेत ती काहीच खात नाहीत."

यावर सरांनी पोरांकडं वळून अशा काही नजरेनं पाहिलं, की नाश्त्याची तक्रार करणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

मग मी झुपका दाखवला. सांगितलं, की पिल्लं अंधाऱ्या रात्रीच काठाला लागतात. उजेडात मासे त्यांना गट्टम करतात. म्हणून अवसेच्या मागंपुढं ती जास्त येतात, आणि अवस होऊन गेली की चार-पाच दिवसांत आम्ही झुपका झटकतो, कारण त्यानंतर ती झुपका सोडून निघून जातात.

लिंबाखाली हात वर झाला. मामांचा.

मी अडखळले. आत्यांनी मागं वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. माझ्या माहितीत मामांनी चार माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"यंदाबी अवशीनंतरच झटकलं का?" मामांनी विचारलं.

"हो मामा. तसा नियमच आहे."

"नियम हाय. पर झटकलं का?"

मामा पुढं आले नाहीत, तिथूनच बोलले, एकेक शब्द मोजत.

"म्या एका गावाची फेरी बंद केली हुती. महिनाभर शीटं मोजली. दोन, तीन, दोन. म्हणलं, ह्या गावाला माणसंच न्हाईत. सोडली फेरी. दुसऱ्यानं धरली आन त्याची जीप टपासकट भरून जायला लागली." ते जरा थांबले. "त्या गावचा बाजार आईतवारी. म्या आईतवारी गाडी धूत हुतो."

लोक हसले. मी हसले नाही. मला एकाएकी आठवलं, की पावसाळ्यानंतर आमची नेहमीची होडी दुरुस्तीला गेली होती आणि तीन महिने भाड्याची होडी होती. भाड्याची होडी आपल्या सवडीनं जाते.

भाषण कसंबसं आवरून मी घरी पळाले. तो हार सरांनी शेवटी मामांच्या गळ्यात घातला, असं नंतर कळलं. मी ज्वारीच्या खोलीत बसून कोकणातून आलेल्या नोंदी उघडल्या. तारखा होत्याच. कायम होत्या. मी फक्त महिन्याची बेरीज बघत आले होते, तारखेकडं कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि एकेक तारीख लावली. पहिला महिना, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. दुसरा महिना, पौर्णिमेला. तिसरा, अवस आठ दिवसांवर असताना. सात पोरांना पुण्याच्या वाटेला लावणारा माझा तो निम्मा आकडा निम्मा चुकीचा होता.

दोन दिवस बसून सगळं पुन्हा केलं. ते तीन महिने बाजूला काढले, मागच्या वर्षांचे तेच महिनेही काढले आणि उरलेल्यांची तुलना केली. भरती कमी होती, हे खरं. पाणी तापलं होतं, त्याचाही हात दिसत होता. पण निम्मी बिम्मी काही नव्हती. मागं एखाद्या साध्या, वाईट वर्षी होती तशीच.

मोठ्या मॅडमना व्हिडिओवर फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पडद्यावर त्या हलताना दिसेनात. मला वाटलं रेंज गेली.

"हे पकडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी."

"ते संख्याशास्त्राचे आहेत?"

"जीप चालवायचे."

मग मॅडम म्हणाल्या, "अहवाल अजून बाहेर पाठवला नव्हता, नशीब. आता नीट करून पाठव. आणि यापुढं होडी तिथी बघूनच निघेल, मी बोलते."

"हो मॅडम!" सवयीप्रमाणं मी ओरडले. "म्हणजे भरती तेवढी कमी नाही! आपलाच अंदाज चुकला होता! सुधारला आता!"

खिडकीपलीकडं सूप थांबलं. या वेळी मला अर्थ लागला. मी पोत्यांवरून उडी मारून ओट्यावर आले, पण आत्यांच्या चपला तिथं नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचलाच शिट्टी वाजली. उशी कानावर दाबून मी खिडकीतून पाहिलं, तर मैदानावर आधीच्या दुप्पट पोरं. पळताना एकजण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "इंचवाची वाढली, म्हंजे आपलीबी वाढंलच की!" सर मधोमध उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. सकाळी दुधाच्या रांगेत मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "सर, निदान तुम्ही तरी खरं सांगा पोरांना."

"मॅडम," सर म्हणाले, "खरं सांगूनच तर ही पळायला लागली. आता कशाला मधी पडता?"

पुढं खरी पोलीस भरती निघाली तेव्हा आमच्या मैदानावरची काही पोरं लागली, काही राहिली. स्टँडवरून माघारी आणलेल्या चौघांपैकी एकजण लागला, आणि त्यानं पेढे सरांच्या आधी आत्यांना दिले. आत्यांनी ते गिरणीत वाटले. काय सांगून वाटले, ते मी विचारलं नाही.

मामा मात्र बदलले. हल्ली ते दर अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, माझ्या फोनवरून कोकणातल्या त्या म्हाताऱ्या तांडेलाला फोन लावतात. इकडून विचारतात, "निघाली का गाडी?" तिकडून तो सांगतो, "निघतोय साहेब, पाच मिनिटांत." मामा 'बरं' म्हणतात आणि फोन ठेवतात. तो तांडेल आमच्या मॅडमपेक्षा मामांना जास्त वचकून असतो. त्याला वाटतं, धाराशिवकडं शेवंडांचं कुठलं तरी मोठं ऑफिस असावं.